विहीणबाईंची आमटी

“हे तरी बघ गं खाऊन. एवढीशी फोड.”

आत्तीनं कैरीची फोड माझ्या ओठाला लावली. वर तिखट-मीठ भुरभुरलेलं. मी डोळे मिटून चावली, गिळली आणि तशीच परड्यात पळाले. केळीच्या बुंध्याशी सगळं ओकून परत आले, तर आत्ती, म्हणजे माझी सासू, चुलीपुढं कपाळाला हात लावून बसलेली.

“कैरीबी टिकत न्हाई म्हणजे कमाल झाली! अगं, पोटातल्याला पाहिजे तरी काय? तोंड उघडून सांग की.”

“काय नको, आत्ती.”

“काय नको कसं? बाई पोटुशी ऱ्हाती आणि तिला काय नको, असं कधी झालंय का? मला तर थोरल्याच्या वक्ताला चुलीतली माती खावीशी वाटायची. खाल्ली. लाजले का मी?”

काय सांगणार होते, कपाळ? लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिसरा महिना सरत आला होता आणि भाकरीचा तुकडा पोटात ठरत नव्हता. चिंच झाली, बोरं झाली, आवळे झाले. आमचे हे तर बाजारातून आईसफ्रूट घेऊन सायकल मारत आले. घरी पोचेपर्यंत हातात नुसती काडी राहिली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पोटात काही टिकलं नाही तर लेकरू हाताला लागणं अवघड आहे. त्या दिवसापासून आत्तीच्या तोंडचंही पाणी पळालं होतं. आणि आमच्यात तर पक्कं, की डोहाळे पुरवले नाहीत तर त्याचं सगळं लेकरावर निघतं.

मला काय हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मला खार हवी होती.

हो, तीच. झाडावर सुळसुळ चढणारी, पाठीवर पट्टे असलेली. जाळावर धरून केस जाळलेली, राखेनं घासून धुतलेली, ओलं खोबरं, लाल मिरची आणि त्रिफळं घालून केलेली. माझं माहेर चंदगडच्या डोंगरात, फणस-काजूच्या रानात. खारी फणस पोखरायच्या आणि माझा भाऊ शिरपा गलोलीनं खारी पाडायचा. आता तसं कुणी करत नाही, करूही नये. तेव्हा कायदा कुणाला ठाऊक होता?

पण आमच्या डोंगरातसुद्धा मान सगळा रानडुकराचा. डुक्कर पडलं की हलगी वाजायची, घरटी वाटा निघायचा, कुत्र्याचा वाटा वेगळा. सशाचं नाव चारचौघांत घेता यायचं. खार मात्र झाकणाखाली शिजायची. शेजारणीनं विचारलं, “काय केलंय गं?” तर आई म्हणायची, “तुरीची आमटी.” शेजारीण गालात हसायची, कारण तिच्याही चुलीवर तीच आमटी.

आणि अशी मी, पडले कुठं? तर माळकऱ्याच्या घरात. मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळीचा वास नाही की अंड्याचं टरफल नाही. डोंगरातली माणसं ससाबिसा खात असतील एवढं त्यांनी धरलेलंच होतं. सून आली की तिलाही माळ घालू, म्हणाले. आत्तीनं अडवलं, “पहिलं बाळंतपण होऊ द्या, मग घाला.” इथपर्यंत सगळं ठीक. पण खार? मामंजी रोज दुपारी राममंदिराच्या पायरीवर शेंगदाणे घेऊन बसायचे. खारी त्यांच्या मांडीवर चढायच्या, तळहातावरचे दाणे खायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पट्टे दाखवायचे, “ही रामाची बोटं हायती. सेतू बांधताना हिनं वाळू वाहिली, म्हणून देवानं पाठीवरनं हात फिरवला.”

मी देवळात गेले की हात जोडायचे रामाला आणि तोंडाला पाणी सुटायचं खारींकडं बघून. काय सांगू तुम्हाला, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे जर तोंडातून निघालं तर ‘खारखाई’ म्हणून जन्मभर बोट दाखवतील, नाहीतर सरळ माहेरची वाट दाखवतील. आणि नाही निघालं तर लेकरू जाईल. अशी दोन्हीकडून कात्रीत सापडले होते.

शेवटी आत्तीनं कोंडाबाई सुईणीला बोलावलं. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. तिनं मला भिंतीकडं तोंड करून बसवलं, एका हातानं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या गळ्यावर ठेवला.

“मी नावं घेती. तू बोलू नको. तुझा घसाच बोलंल,” म्हणाली. “पुरणाची पोळी.”

घसा हलला नाही.

“भरलं वांगं. आंबाडीची भाजी. खरवस. शेवग्याच्या शेंगा. ताकातलं पिठलं.”

प्रत्येक नावाला मला मळमळत होतं. कोंडाबाई जरा थांबली. मग म्हणाली, “सुकट.”

“अगं बये!” आत्ती किंचाळली. “आमच्या घरात हे नाव घेऊ नको! भाईर सोप्यात हे बसल्यात!”

“नाव घेतलं म्हणून काय घर बाटतंय? तुला नातू पाहिजे का सोवळं पाहिजे?” कोंडाबाईनं तिला गप्प केलं. “कोंबडी. बकरं.”

घसा गप्प.

“तितर. ससा.”

नकळत मी आवंढा गिळला. कोंडाबाईची बोटं गळ्यावर घट्ट झाली. “हां! रानाकडची लेक हाय ही. पर ससा न्हवं. सशाजवळचं कायतरी हाय. साळिंदर? घोरपड?”

मी ओठ दाताखाली दाबून धरले. मनातल्या मनात म्हणत होते, नको गं बाई, नको म्हणू. आणि ती माझ्या कानाशी वाकून, पण अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खार?”

तोंडात एवढं पाणी आलं, की मी घोट गिळला तो सोप्यापर्यंत ऐकू गेला असेल. आणि मग मला रडूच फुटलं. हुंदके देऊन देऊन रडले. आत्तीनं पदर तोंडाला लावला. सोप्यात मामंजी अभंग गुणगुणत होते, ते थांबले.

थोड्या वेळानं त्यांच्या काठीचा आवाज आला. त्या काळी आमच्यात सासरा-सुनेनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही. ते दाराआडून आत्तीला एवढंच म्हणाले, “मी तिच्या माहेराला जाऊन येतो. उद्या ईन.” आणि गेले.

झालं. मला वाटलं, संपलं सगळं. आता आईला बोलावणार, तिच्या पदरात मला घालणार. मी भिंतीशी तोंड करून पडून राहिले. आत्ती येरझारा घालत होती. कोंडाबाईला चहा पाजून वाटेला लावलं, भांडी घासली, दिवा लावला, आणि मग माझ्या उशाशी येऊन बसली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार.

“एक इचारू?” आत्ती म्हणाली. “खारीला खायला असतं काय गं? मूठभर तर जीव.”

मी डोळे पुसत म्हटलं, “रस्सा करायचा, आत्ती. रश्शाला चव.”

“कशी करायची?”

“आधी जाळावर धरायची...”

“शी! सांगू नको! राम राम राम!” तिनं कानावर हात ठेवले. मग हळूच एका कानावरचा हात काढून म्हणाली, “मग?”

मी सगळं सांगितलं. खोबरं कसं भाजायचं, त्रिफळं किती ठेचायची, जाळ किती ठेवायचा. आत्ती नाक मुरडत होती आणि ऐकत होती. शेवटी म्हणाली, “त्रिफळं वांग्यात घातली तर?”

“करून बघितलं मी, आत्ती. नाही टिकत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “ह्यांच्यापुढं मी काय बोलणार, पोरी? पर तुला म्हायेरी न्हेऊन घातलं, तर मी भांडंन. आजवर भांडले न्हाई, पर भांडंन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे मळ्यातून घाईघाईनं आले. “आबा तुझ्या माहेरासनं आल्यात. मळ्यातच उतरल्यात. शिरपा हाय संगं. तुला बोलावलंय.”

घरी न येता मळ्यात! म्हणजे उंबरा ओलांडू न देताच पाठवणार. आत्तीनं माझी दोन लुगडी गाठोड्यात बांधली, परत सोडली, परत बांधली, आणि शेवटी गाठोडं स्वतःच काखेत धरून उंबऱ्यावर बसून राहिली. मला दिलंच नाही. ह्यांचा हात धरून मी बांधाबांधानं कशीबशी मळ्यात पोचले.

मामंजी आंब्याखाली माझ्याकडं पाठ करून बसले होते. खोपीच्या दारात शिरपा उभा. त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बहिणीचा संसार मोडायला निघालाय आणि हा हसतोय, म्हणून मला असा राग आला त्याचा!

मामंजी आंब्याच्या बुंध्याला उद्देशून म्हणाले, “आत जावा म्हणावं. जे हाय ते खावा म्हणावं. घरात देव हाय, म्हणून हितं आणलंय.” मग ह्यांना हाक मारली, “तू उसाला पाणी लाव. हितं थांबू नको.”

मी खोपीत गेले. मधोमध पितळेचा डबा. शिरपानं झाकण काढलं, आणि तो वास आला. मी खाली बसलेच.

“खरं सांग,” मी कुजबुजले. “हे आलं कुठनं?”

“आयनं दिलं. आणि आणलं कुणी, तर तुझ्या सासऱ्यानं, तात्यांनी.” शिरपा हसू दाबत माझ्यापुढं बसला. “काल तिन्हीसांजेला मी अंगणात, बघतो तर पाणंदीच्या वाटेनं तात्या येत्यात. मी आत पळालो, म्हटलं, आये, व्याही आलं! आय म्हणाली, मेले! झाकण घाल! चुलीवर हेच शिजत हुतं. तिला वाटलं, तू तिकडं कायतरी बोललीस आणि हे जाब इचारायला आलं. तिनं देव्हाऱ्यातली जपमाळ काढली आणि माझ्या गळ्यात अडकवली.”

“जपमाळ?”

“बेंबीपतोर लोंबत हुती! तात्या बसलं, पाणी प्यालं, म्हणालं, विहीणबाई, तुमच्यात रानातलं खात्यात न्हवं? आय म्हणाली, आम्ही? शिव शिव! आमच्यात कांदा-लसूणबी बघून खात्यात. तात्या म्हणालं, अवो, मला खरं सांगा, माझी नड हाय. खार खाता का? आय म्हणाली, भैरोबाची आण, नावसुद्धा ऐकलं न्हाई! हा माझा पोरगा बघा, जलमल्यापासनं माळकरी!”

मी तोंडावर हात दाबला. रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं.

“तात्या अगदी हिरमुसलं. उठायला लागलं. एवढ्यात आपली मांजर आली बघ. तोंडात खारीची शेपटी. सरळ तात्यांच्या पायापाशी येऊन बसली आणि लागली शेपटीशी खेळायला.”

“अरे देवा! मग?”

“मग काय? आयचा चेहरा असा झाला! मी जपमाळ मुठीत धरून उभा. तात्या बघतायत शेपटीकडं. न्हाई रागावलं, न्हाई हसलं. परत खाली बसलं आणि म्हणालं, विहीणबाई, चुलीवर काय शिजतंय? आय म्हणाली, तुरीची आमटी. तात्या म्हणालं, वास बरा सुटलाय. माझ्या सुनंच्या पोटात पाणी ठरंना, तिला ही आमटी खावीशी वाटतीया. मी मागायला आलोय. व्याही म्हणून न्हवं, लेकराचा आजा म्हणून आलोय.”

शिरपाचं हसू गेलं होतं. त्यानं बाहीला डोळे पुसले.

“आय त्यांच्या पायाच पडली. म्हणाली, ही शिळी नको, पहाटं ताजी करून देती. आमच्या घरात रातभर राहिलं ते. नव्या मडक्यात दूध तापवून दिलं, तेवढंच घेतलं. आणि सकाळी म्हटलं, डबा मी धरतो, तर मला देईनात. यष्टीत मांडीवर घेऊन बसलं. शेजारच्या माणसानं इचारलं, काय नेता म्हाराज? तर म्हणालं, विहीणबाईंची आमटी. तुरीची!”

मामंजी उभ्या जन्मात खोटं बोलल्याचं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. भावकीच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा मानायचे.

मी जेवले. हातानं रस्सा ओरपला, बोटं चाटली, हाडं चोखली. डब्याच्या तळाचा थेंबही सोडला नाही. शिरपा बघत राहिला. मग आम्ही दोघं वाट बघत बसलो, कारण आता खरी कसोटी होती. रोज खाल्लं की लगेच उलटायचं. मी खोपीच्या मेढीचा खांब धरून बसले. पोटात जरा ढवळलं. शिरपानं माझा हात धरला. ढवळलं आणि थांबलं. बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं, मामंजी तोंडातल्या तोंडात रामनाम घेत होते, मधेच थांबायचे, खोपीकडं कान द्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

बराच वेळ गेला. आंब्याखालून आवाज आला, “शिरपती, तुझ्या भनीला इचार. ऱ्हायलं का पोटात?”

शिरपा तोंड उघडायच्या आत मीच बोलले. कसं धाडस झालं कोण जाणे.

“ऱ्हायलं, मामंजी.”

रामनाम थांबलं. मी डोक्यावर पदर ओढून खोपीच्या दाराशी आले. ते अजून पाठमोरेच होते.

“मामंजी, मला माफ करा,” मी म्हटलं. “तुमची ती रामाची खार. तुम्ही हातानं दाणे चारता. आणि मी...”

तेव्हा ते वळले. पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

“हौसा, रामानं खारीच्या पाठीवरनं हात का फिरवला? जरा वाळू वाहिली म्हणून. ह्या खारीनं तर माझ्या घरच्या लेकरासाठी जीव दिला. हिच्या पाठीवरनं हात फिरवायचा सोडून राम काय माझ्या पाठीवरनं फिरवील?” त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “आणि पाप लागायचं असलं, तर ते मला लागंल. डबा मी वाहिलाय. तू कशाला रडतीस? रडू नको. पोटातलं हलंल.”

मी मान हलवली. मग काय झालं, कसं सांगू? पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं झालं. मला वाटलं, आली उलटी. पण ती उलटी नव्हती. कितीतरी दिवसांत विसरून गेलेली गोष्ट होती ती. मला भूक लागली होती.

“मामंजी,” मी म्हटलं, “भाकरी हाय का?”

“आं?”

“भाकरी. ज्वारीची. गरम असली तर बरं.”

मामंजी माझ्याकडं बघतच राहिले. मग उठले. काठी तिथंच राहिली. धोतराचा सोगा मुठीत धरून ते बांधावरून पळत सुटले. गावानं ज्यांना कधी भरभर चालताना बघितलं नव्हतं, ते माझे मामंजी, चिखल उडवत, धापा टाकत, घराच्या दिशेनं ओरडत निघाले, “अगं एऽऽ! तवा ठेव! पोरगी भाकरी मागतीया! ऐकलंस का? भाकरी मागतीया, तवा ठेव!”

फेटा सुटून उसाच्या सरीत पडला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. पाणी सोडून आमचे हे धावत आले, काय झालं, काय झालं म्हणत. शिरपा फेटा उचलायला धावला. आणि मी खोपीच्या दारात पाय पसरून, पोटावर हात ठेवून, भाकरीची वाट बघत बसले.